दुवा तुटला, तरी पुरावा राहावा

विकिपीडियावरील लेख वाचताना वाक्याच्या अखेरीस चौकटी कंसातील एक छोटा आकडा दिसतो. त्यावर टिचकी मारली की वाचक पानाच्या तळाशी असलेल्या संदर्भापाशी पोहोचतो आणि तेथून मूळ बातमी, अहवाल किंवा शासकीय कागद उघडतो, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकदा ‘हे पान सापडत नाही’ एवढीच पाटी नजरेस पडते. लेखातील विधान जागच्या जागी असते. त्याला आधार देणारा कागद मात्र नाहीसा झालेला असतो. विधान खरे की खोटे, हे ठरवण्याचा वाचकाचा मार्ग तेथेच खुंटतो.

कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे, अशा ज्ञानकोशाची सारी पत या छोट्या आकड्यावर उभी आहे. म्हणूनच महाजालावरील संदर्भ कसा द्यावा, त्याची प्रत कशी जतन करावी आणि दुवा तुटल्यावर काय करावे, हे लेख लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

संदर्भाची अट का आली?

मराठीला ज्ञानकोशांची परंपरा जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२०च्या दशकात प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली आला. या कोशांतील नोंदीमागे संपादकाचा अधिकार उभा असतो. विश्वकोशाच्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नावही असते.

विकीची रचना याहून निराळी आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ साली पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. येथे लिहिणारा बहुधा टोपणनावाने वावरतो. तो प्राध्यापक असेल किंवा शाळकरी विद्यार्थीही असेल. लेखकाच्या अधिकारावर विसंबता येत नसल्याने विधानाचा भार स्रोतावर टाकावा लागतो. ‘पडताळण्याजोगे असणे’ हे तत्त्व विकिपीडियाच्या पायाभूत नियमांत मोडते, ते याच कारणाने.

या नियमाची निकड २००५ साली एका प्रकरणाने ठळक केली. जॉन सीगनथेलर हे अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार. एके काळी त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक म्हणून काम केले होते. मे २००५मध्ये कोणा अज्ञाताने इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावे खोटे चरित्र लिहिले आणि केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय व्यक्त झाला होता, असे त्यात बेधडक नमूद केले. हा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. सीगनथेलर यांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात लेख लिहून जाहीर तक्रार केली. त्यानंतर नोंदणी न केलेल्या व्यक्तींना इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यास मज्जाव झाला आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र, कडक नियम आखले गेले. वाक्यालाच तळटीप जोडण्याची सोपी सोय विकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आली, तीही याच सुमारास. मराठी विकिपीडियावर विधानापुढे दिसणारी ‘संदर्भ हवा’ ही खूण याच शिस्तीचा भाग आहे.

दुवे का तुटतात?

छापील पुस्तक एकदा ग्रंथालयात गेले की प्रकाशक बंद पडला तरी पुस्तक फळीवर राहते. संकेतस्थळाचे तसे नाही. त्याची एकच प्रत असते आणि ती मालकाच्या संगणकावर असते. मालकाने भाडे भरणे थांबवले, कंपनी विकली किंवा नुसती पानांची मांडणी बदलली, तरी जुना पत्ता निरुपयोगी होतो.

याची मोठी उदाहरणे सर्वश्रुत आहेत. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या संकेतस्थळावर लक्षावधी हौशी लोकांनी आपापली पाने उभारली होती. याहू कंपनीने १९९९मध्ये ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केले. ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने अखेरच्या महिन्यांत धावपळ करून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली. भारतात अफाट लोकप्रिय झालेले गूगलचे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्या पिढीने संगणकावर मराठीत लिहिण्याचा पहिला प्रयत्न तेथे केला, तिच्या गप्पा आणि वाद आज शोधूनही सापडणे कठीण आहे.

तुटलेल्या दुव्यांचेही प्रकार आहेत. सर्वांत प्रामाणिक प्रकार म्हणजे ‘४०४’ हा त्रुटीचा आकडा. पान नाही, असे तो सरळ सांगतो. दुसऱ्या प्रकारात जुना पत्ता टाकला असता संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडते. संगणकाला दुवा जिवंत वाटतो, वाचकाच्या हाती मात्र काहीच लागत नाही. तिसरा प्रकार अधिक घातक. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपते, भलतीच व्यक्ती ते नाव विकत घेते आणि एखाद्या ग्रामसंस्थेच्या जुन्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. चौथ्या प्रकारात पान जागेवर असते, पण त्यातला मजकूर बदललेला असतो. ‘आमच्याविषयी’, ‘पदाधिकारी’, ‘लोकसंख्या’ अशा मथळ्यांची पाने तर बदलण्यासाठीच असतात. २०१२ साली पाहिलेल्या पदाधिकाऱ्यांच्या यादीचा आधार आज उघडणाऱ्या यादीत मिळत नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मे २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली महाजालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. याच पाहणीत इंग्रजी विकिपीडियाच्या ५० हजार लेखांचा नमुना तपासला गेला. त्यातील ५४ टक्के लेखांच्या संदर्भांत निदान एक दुवा तरी तुटलेला आढळला.

हा दोष केवळ हौशी लेखकांच्या लिखाणात नाही. हार्वर्ड विधी विद्यालयातील अभ्यासकांनी २०१३-१४च्या सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले, तेव्हा त्यातील सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. विधिविषयक नियतकालिकांतील स्थिती याहून वाईट, म्हणजे ७० टक्क्यांहून अधिक होती. न्यायालयाने ज्या मजकुराच्या आधारे मत नोंदवले, तो मजकूरच पुढच्या वकिलाला वाचता येत नाही, असा हा प्रकार. यातूनच २०१३ साली हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने ‘पर्मा’ ही सेवा सुरू केली. उद्धृत केलेल्या पानाची प्रत ग्रंथालयांच्या जबाबदारीवर जपून ठेवणे हे तिचे काम.

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ सालीच एका टिपणात बजावले होते की, पत्ते आपोआप बदलत नसतात. ते माणसे बदलतात. चांगल्या पत्त्याची रचना अशी असावी की दोनशे वर्षांनीही तो बदलण्याची गरज पडू नये, असा त्यांचा आग्रह होता. तो फारच थोड्यांनी पाळला.

महाजालाचे दप्तरखाने

या पडझडीत सर्वांत मोठा आधार ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेचा आहे. ब्रूस्टर कॅल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ही ना-नफा संस्था स्थापन केली. जतन केलेली पाने वाचकांना पाहता यावीत, यासाठी संस्थेने ऑक्टोबर २००१मध्ये ‘वेबॅक मशीन’ ही सेवा खुली केली. ऑक्टोबर २०२५मध्ये तिच्याकडील पानांच्या प्रतींची संख्या एक लाख कोटींवर, म्हणजे एकावर बारा शून्ये एवढ्यावर पोहोचल्याचे संस्थेने जाहीर केले. संग्रहाचा एक भाग इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयालाही २००२ साली देण्यात आला.

राष्ट्रीय ग्रंथालयांनीही हे काम अंगावर घेतले आहे. स्वीडन आणि ऑस्ट्रेलिया येथील राष्ट्रीय ग्रंथालयांनी १९९६ सालीच आपापल्या देशांतील संकेतस्थळे जपण्यास आरंभ केला. ब्रिटनने २०१३पासून महाजालावरील प्रकाशनांनाही ग्रंथसादरीकरणाच्या कायद्याखाली आणले. भारतात १९५४चा ग्रंथ व वृत्तपत्र प्रदान कायदा आहे. प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यावी, असे त्यात बंधन आहे. हा कायदा छापील कागदाच्या काळातला. केवळ महाजालावर निघणाऱ्या मराठी नियतकालिकाची प्रत जपण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे मराठी संकेतस्थळांचे जतन आजही बव्हंशी परदेशी संस्था आणि स्थानिक स्वयंसेवक यांच्याच हाती आहे.

विकिपीडिया आणि इंटरनेट आर्काइव्ह यांची सांगड उपयुक्त ठरली आहे. ‘इंटरनेट आर्काइव्ह बॉट’ हा स्वयंचलित सदस्य लेखांतील दुवे तपासतो आणि तुटलेल्या दुव्यापुढे जतन केलेल्या प्रतीचा पत्ता जोडतो. ऑक्टोबर २०१८मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार, २२ विकिपीडियांतील ९० लाखांहून अधिक तुटलेले दुवे तोपर्यंत सावरले गेले होते. त्यातील सुमारे ६० लाख बॉटने, तर सुमारे ३० लाख स्वयंसेवकांनी हाताने दुरुस्त केले होते. परंतु बॉटला पानाचा आशय समजत नाही. जतन केलेल्या प्रतीत लेखातील विधानाला खरोखर आधार आहे का, हे माणसालाच पाहावे लागते.

संदर्भ कसा लिहावा?

नुसता पत्ता चिकटवणे म्हणजे संदर्भ देणे नव्हे. पत्ता मेला की अशा संदर्भातून काहीच उरत नाही. याउलट लेखकाचे नाव, मथळा, संकेतस्थळ किंवा प्रकाशक, प्रसिद्धीचा दिनांक, पान पाहिल्याचा दिनांक आणि शेवटी पत्ता, अशा सहा गोष्टी नोंदवल्या असतील तर पत्ता मेल्यावरही माग काढता येतो. मथळा आणि दिनांक ठाऊक असला की तीच बातमी त्याच वृत्तपत्राच्या नव्या पत्त्यावर, ग्रंथालयातील फाइलीत किंवा अन्यत्र शोधता येते.

वृत्तपत्राचा संदर्भ देताना आवृत्तीचा उल्लेख करणे हिताचे असते. एकाच दैनिकाच्या मुंबई, पुणे, नागपूर या आवृत्त्यांत निरनिराळ्या बातम्या असतात. महाजालावरील बातमीखालचा दिनांक आणि छापील अंकाचा दिनांक यांत एका दिवसाचा फरक पडणेही नित्याचे. छापील अंक हाती असल्यास पृष्ठ क्रमांक द्यावा. संदर्भ महाजालावरच असला पाहिजे, असा विकिपीडियाचा नियम नाही. ग्रंथालयात जाऊन पाहता येण्याजोगा छापील अंक हा तितकाच ग्राह्य पुरावा होय.

जेथे कायमस्वरूपी क्रमांक उपलब्ध असेल, तेथे तो अवश्य नोंदवावा. संशोधनपर लेखांना ‘डीओआय’ हा क्रमांक असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी नवा पत्ता या क्रमांकाशी जोडता येतो. पुस्तकांना आयएसबीएन असतो. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांवरही अखेरीस, हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, अशी ओळ असते. अनेकजण शासन निर्णयाचा दुवा देतात आणि हा संकेतांक सोडून देतात. वास्तविक पत्त्यापेक्षा निर्णयाचा क्रमांक, विभाग, दिनांक आणि संकेतांक या चार गोष्टीच टिकाऊ आहेत.

गावांविषयीच्या लेखांनाही हेच लागू पडते. मराठी विकिपीडियावर गावांचे लेख पुष्कळ आहेत आणि त्यांतील लोकसंख्येचा आधार बहुधा २०११ची जनगणना हा असतो. अशा ठिकाणी ‘जनगणना संकेतस्थळ’ एवढेच लिहिणे अपुरे होय. जिल्हा जनगणना पुस्तिकेचे नाव, जिल्हा, वर्ष आणि गावाचा सहा अंकी संकेतांक दिला, तर पुढील वाचकाला पुस्तिका कोठेही मिळाली तरी योग्य ओळ सापडते. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावे असतील, तर हा संकेतांकच गोंधळ टाळतो.

प्रत कशी जतन करावी?

प्रत जतन करण्याची योग्य वेळ एकच: संदर्भ देताक्षणी. दुवा तुटल्यावर प्रत शोधणे हे दैवावर हवाला ठेवण्यासारखे आहे. वेबॅक मशीनच्या पानावर २०१३पासून ‘सेव्ह पेज नाऊ’ ही सोय आहे. तेथे पत्ता टाकला की त्या क्षणीची प्रत जतन होते आणि तिला स्वतंत्र पत्ता मिळतो. हा नवा पत्ता मूळ पत्त्याच्या जोडीने संदर्भात लिहावा. मूळ पत्ता पुसू नये. मूळ पत्त्यावरूनच स्रोत कोणाचा, हे वाचकाला कळते.

जतन केलेल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकड्यांची एक संख्या असते. पहिले चार आकडे वर्षाचे, पुढे दोन-दोन आकडे महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद यांचे. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. भारतात १ मे रोजी पहाटे चार वाजता जतन केलेल्या पानावर त्यामुळे ३० एप्रिलची रात्री साडेदहाची नोंद दिसेल. तारखेचा वाद असेल, तर हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

प्रत जतन झाल्यावर ती उघडून पाहावी. स्क्रिप्टच्या आधारे मजकूर आणणारी पाने, प्रवेशनामाविना न उघडणारी पाने आणि चित्रफिती यांची प्रत पुष्कळदा अर्धवट निघते. वर मथळा आणि खाली कोरी जागा, अशी प्रत पुरावा म्हणून कुचकामी असते. अहवाल पीडीएफ स्वरूपात असेल, तर केवळ त्याच्या यादीचे पान न जपता पीडीएफ संचिकाच जतन करावी आणि पृष्ठ क्रमांक द्यावा.

आधीच तुटलेला दुवा आढळला, तर तो काढून टाकण्याची घाई करू नये. दुवा मेला म्हणजे विधान खोटे ठरले, असे नाही. तो मृत असल्याची खूण करावी, वेबॅक मशीनमध्ये पत्ता शोधावा आणि मूळ संपादकाने पान पाहिल्याचा जो दिनांक दिला असेल, त्याच्या निकटची प्रत निवडावी. कित्येकदा सर्वांत ताजी प्रत ही ‘पान सापडत नाही’ या पाटीचीच प्रत असते. कोठेच काही मिळाले नाही, तर दुसरा स्रोत शोधावा. हयात व्यक्तीविषयीचे आक्षेपार्ह विधान मात्र पुराव्याविना एक दिवसही ठेवू नये.

मराठीची खास अडचण

मराठी संपादकापुढे आणखी एक पेच असतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्थान आहे; तरीही मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे सुरू झाली, तेव्हा सामान्य संगणकावर युनिकोड मराठी नीट दिसत नसे. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाने आपापला फाँट वापरला. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. वाचकाला पडद्यावर मराठी दिसे. संगणकात मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचीच रांग साठवलेली असे. फाँट आपोआप उतरवून घेणाऱ्या ‘डायनॅमिक फाँट’च्या संचिकाही असत, त्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी एका प्रकारच्या, तर नेटस्केपसाठी दुसऱ्या प्रकारच्या.

२००० ते २००८च्या दरम्यानच्या कित्येक मराठी बातम्यांची प्रत आज दप्तरखान्यात आहे, पण ती उघडली की अर्थहीन चिन्हांचा सडा दिसतो. आजचे ब्राऊझर ते जुने फाँट ओळखत नाहीत. मराठी शब्द टाकून शोध घेतला तर ही पाने सापडत नाहीत, कारण संगणकाच्या दृष्टीने त्यांत मराठी नाहीच. पान जतन झाले आणि तरीही हरवले, अशी ही अवस्था. मूळ फाँट मिळवून किंवा त्या फाँटचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. तसे केल्यास संदर्भात मथळा युनिकोड मराठीत लिहावा आणि मूळ पान जुन्या फाँटमध्ये असल्याचे नमूद करावे, म्हणजे पुढील वाचक चिन्हांचा सडा पाहून संदर्भ खोटा ठरवणार नाही.

दुसरी अडचण देवनागरी पत्त्यांची. पत्त्यातील देवनागरी अक्षरे नक्कल करताना टक्क्याच्या चिन्हांत रूपांतरित होतात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटसाठी पत्त्यात तीन खुणा लागतात. ‘पुणे’ या शब्दात दोन अक्षरे आणि दोन मात्रा मिळून चार चिन्हे आहेत. पत्त्यात तो ३६ खुणांचा होतो. असा लांबलचक पत्ता एखाद्या खुणेनेही कापला गेला की उघडत नाही. त्यामुळे पत्ता चिकटवल्यावर तो एकदा उघडून पाहणे आवश्यक ठरते.

स्वतःच स्वतःचा साक्षीदार

दिनांकासह जतन केलेल्या प्रतींचा आणखी एक उपयोग आहे. २००८ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याने दक्षिण अमेरिकेतील कोआटी या प्राण्यावरील इंग्रजी लेखात ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असे मनचेच टोपणनाव गमतीने घुसवले. ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी आणि एका विद्यापीठीय प्रकाशनाने ते नाव वापरले आणि विकिपीडियाच्या लेखाखाली तीच वृत्तपत्रे संदर्भ म्हणून अवतरली. २०१४ साली ‘न्यूयॉर्कर’ने ही कहाणी प्रसिद्ध केली.

हे चक्र मराठीतही घडू शकते. एखाद्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती किंवा एखाद्या कलावंताची जन्मतारीख विकीवरून वृत्तपत्रात जाते आणि वृत्तपत्रातून पुराव्याच्या वेषात विकीवर परतते. विकीच्या प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ हे पान असते आणि कोणते वाक्य केव्हा आले, हे त्यात मिनिटापर्यंत नोंदलेले असते. त्या वेळेशी स्रोताच्या जतन केलेल्या प्रतीचा दिनांक ताडून पाहिला की आधी कोण आणि नंतर कोण, याचा निवाडा होतो. दिनांकच नसेल, तर हा निवाडा करणे अशक्य.

प्रताधिकार आणि सावधगिरी

जतनाचा अर्थ मजकूर उचलणे असा होत नाही. दुसऱ्याची बातमी विकीवर जशीच्या तशी उतरवणे हा १९५७च्या प्रताधिकार कायद्याचा भंग ठरू शकतो. विकीवर माहिती स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि पुरावा म्हणून दुवा द्यावा. एखाद्याने आपल्या खासगी संकेतस्थळावर बातम्यांची कात्रणे साठवली असतील, तर तिकडे दुवा देणेही टाळावे. प्रत ठेवण्याचे काम त्यासाठीच असलेल्या संस्थांवर सोपवणे श्रेयस्कर. अत्याचारग्रस्तांची ओळख, पत्ते, दूरध्वनी क्रमांक अशी माहिती मालकाने पानावरून काढली असेल, तर जुनी प्रत शोधून ती पुन्हा चव्हाट्यावर आणणे हे संदर्भशास्त्रात बसत नाही.

दप्तरखाना एकच असणे हीसुद्धा जोखीम आहे. ‘वेबसाइट’ या सेवेवर विकिपीडियाचे अनेक संपादक विसंबून असत. तिने २०१९मध्ये नव्या प्रती घेणे थांबवले. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर मोठा सायबर हल्ला झाला आणि ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीस गेली. जतन केलेली पाने शाबूत राहिली, परंतु सेवा काही दिवस पूर्ण बंद होती. त्या अवधीत जगभरच्या विकींमधील जतन केलेल्या प्रतींचे दुवेही मुके झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या दप्तरखान्यातून मजकूर उचलतात, या कारणाने आता काही बड्या संकेतस्थळांनी जतनाला दार बंद करण्यास आरंभ केला आहे. रेडिट या संकेतस्थळाने ऑगस्ट २०२५मध्ये तसे जाहीर केले. महत्त्वाच्या विधानाला म्हणूनच दोन स्वतंत्र स्रोत द्यावेत आणि शक्य तेथे त्यातील एक छापील असावा.

हे काम कंटाळवाणे आहे. नवा लेख लिहिणाऱ्याचे नाव होते; मेलेला दुवा जिवंत करणाऱ्याची दखल कोणी घेत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरे धुंडाळत होते, तेव्हाही स्थिती याहून फार वेगळी नव्हती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. निष्कर्ष काढण्यापूर्वी अस्सल कागद राखले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. कागदाला वाळवी लागायला काही वर्षे तरी जात. महाजालावरचे पान एका रात्रीत जाते. संदर्भ देणाऱ्या प्रत्येक संपादकाने पानाची एक प्रत त्याच वेळी जपून ठेवली, तर पन्नास वर्षांनी मराठी विकिपीडिया वाचणाऱ्याला, हे तुम्ही कशावरून म्हणता, असा प्रश्न विचारता येईल आणि त्याचे उत्तरही मिळेल.